लाकडाच्या जहाजाचा तो व्हिडिओ आणि त्याखालची शेवटची ओळ

गेले चार दिवस नदीकाठच्या सगळ्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय, तुम्हालाही आला असणार. ओंडक्यांनी गच्च भरलेलं मोठं जहाज हळूहळू एका अंगाला कलतं, कलतच जातं, मग सगळं लाकूड धडाधड पाण्यात आणि जहाज झोका खाऊन परत सरळ. खाली मेसेज, की जहाज बुडत होतं, कॅप्टनने माल सोडला म्हणून वाचलं, करोडोचं लाकूड वाया गेलं, आणि शेवटी "यावरून कळतं की नाव कितीही कलली तरी ओझं हललं की आपोआप सरळ होते, पुरात बोटीत बसायला घाबरू नका". आधीच्या गोष्टी नुसत्या चुकीच्या आहेत, पण ही शेवटची ओळ जीवावर बेतणारी आहे म्हणून एवढं टाईप करतोय. मी सांगलीकडचा, लहानपणापासून कृष्णेत होडी चालवतोय, शर्यतीत वल्हं मारलंय, आणि पोटापाण्याला उसाच्या ट्रॉल्या बनवतो, त्यामुळे ओझं कुठं ठेवलं की काय पलटतं हा माझा रोजचा विषय आहे.

"जहाज बुडत होतं." अजिबात नाही, ते मुद्दाम कलवलेलं असतं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला, ब्रिटिश कोलंबियात, हे रोजचं काम आहे. तिथं बेटांवरच्या जंगलातलं लाकूड मिलपर्यंत न्यायचं तर मधे खवळलेला समुद्र, पूर्वी ओंडके बांधून त्यांचे तराफे ओढत न्यायचे ते लाटांत फुटायचे, म्हणून ही जहाजं आणि बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नावा, निघाल्या. हायडा मोनार्क नावाचं स्वतःच्या इंजिनवर चालणारं असं जहाज १९७४ साली आलं. त्यात स्वतःच्या क्रेन असतात, त्यांनी ओंडके डेकवर, म्हणजे जहाजाच्या वरच्या सपाट मजल्यावर, आडवे, म्हणजे जहाजाच्या रुंदीत रचतात. उतरवायच्या जागी पोचलं की एका बाजूच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह उघडून समुद्राचं पाणी आत घेतात. ती बाजू जड होते, जहाज कलायला लागतं, आणि उतार एवढा झाला की लाकूड धरून ठेवणारं घर्षण कमी पडलं, की सगळा ढीग एकदम घसरतो. हजारो टन माल क्रेननं एकेक जुडी काढत बसायचा त्याऐवजी काही क्षणात खाली.

आता खरा प्रश्न, की एवढं कलूनही पलटी कसं नाही खात? इथं आपली उसाची ट्रॉली डोळ्यासमोर आणा. ट्रॉलीत ऊस उंच रचला की वळणावर ती एका चाकावर येते आणि वजनाचा मध्य टायरच्या बाहेर गेला की संपलं, कारण टायर आहेत तिथंच राहतात. जहाजाला टायर नसतात, त्याला उचलून धरणारं पाणी असतं. जहाज डावीकडं कललं की डावी बाजू पाण्यात जास्त बुडते, उजवी वर येते, म्हणजे पाण्याचा वर ढकलणारा जोर डावीकडं सरकतो. समजा ट्रॉली कलताना तिचे टायर आपोआप त्याच बाजूला बाहेर सरकले असते तर ती पलटली असती का? तसंच हे. जहाज जेवढं रुंद तेवढा हा आधार जास्त सरकतो, आणि लाकडाचे बार्ज तर पसरट आणि भरपूर रुंद असतात.

पण याला हद्द आहे. डेकची कड पाण्याखाली गेली की आधार सरकायचं कमी होतं, तिथून पुढं कलायला लागलं तर परत येणं अवघड. म्हणून किती टाक्या भरायच्या, लाकूड किती कोनावर सुटणार, सुटल्यावर जहाज कुठवर झोका घेणार, हा सगळा हिशोब जहाज बनवतानाच केलेला असतो. आणि दोन गोष्टी व्हिडिओत दिसत नाहीत. एक, त्याचं डेक बंद डब्यासारखं असतं, कड बुडाली तरी पोटात थेंब जात नाही. दुसरी, टाक्यांना आत कप्पे असतात, कारण अर्धवट भरलेलं पाणी मोकळं असलं की कललेल्या बाजूला धावतं आणि आणखी कलवतं. परातीत पाणी घेऊन चार पावलं चालून बघा, लगेच कळेल. लाकूड गेलं की जहाज हलकं होऊन वर उचलतं, वरचं ओझं गेल्यामुळं वजनाचा मध्यही खाली येतो, म्हणून ते एवढ्या जोरात सरळ होतं, आणि टाक्या पाण्याच्या पातळीच्या वर आल्या की आतलं पाणी आपसूक बाहेर वाहून जातं.

"करोडोचं लाकूड वाया गेलं." लाकूड तरंगतं हो. ओंडके पडतात तिथं टग बोटी, म्हणजे ओढून नेणाऱ्या बोटी, थांबलेल्या असतात, त्या गोळा करून कुंपणात अडवतात आणि मिलकडं ओढत नेतात. थोडे जड ओंडके बुडतात हे खरं, पण बाकी बहुतेक मिलला पोचतं.

आता ती शेवटची ओळ. "ओझं हललं की सरळ होते." ओझं जहाज सोडून गेलं की सरळ होते, नुसतं हललं आणि आतच राहिलं तर उलट होतं. आईस प्रिन्स नावाचं जहाज जानेवारी २००८ मध्ये इंग्लिश खाडीत वादळात सापडलं, तेही लाकूडच घेऊन चाललं होतं. त्यातला माल एका बाजूला सरकला आणि तिथंच राहिला, जहाज कलतच गेलं आणि १५ तारखेला बुडालं. सगळे २० जण वाचले, पण लाकूड नंतर कितीतरी दिवस इंग्लंडच्या किनाऱ्याला लागत होतं.

आणि आपल्या बोटीत ओझं म्हणजे माणसं. बोट जरा कलली की घाबरून उभी राहतात, उभं राहिलं की वजन वर जातं, तोल जाऊन सगळी खालच्या काठाकडंच येतात, आणि आपल्या बोटीला डेक नाही, काठावरून पाणी थेट आत. आत आलेलं पाणी परातीतल्यासारखं त्याच बाजूला धावतं. पुरात काहिलीतून, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतून, माणसं नेलेली मी बघितलीत, मधे बसलं तर काहील हलत नाही, दोघं एका काठाला आले की एका क्षणात उपडी. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, माणसं गच्च भरलेली होती, त्यात बाया होत्या, लहान पोरं होती. ज्यांच्या घरातली माणसं त्यात गेली त्यांच्या फोनवर "कितीही कलली तरी सरळ होते" हे वाक्य जातंय, याचा विचार करा.

तुमच्याकडं तो मेसेज आला असेल तर व्हिडिओ खुशाल ठेवा, बघण्यासारखाच आहे, फक्त खालची ओळ पुढं पाठवू नका. आणि बोटीत बसायची वेळ आलीच तर लाईफ जॅकेट घालून खाली बुडाशी, मधल्या रेषेवर बसा, कललं तरी उठू नका, आणि नावाडी "आता बास, पुढच्या खेपेला" म्हणाला तर काठावरच थांबा.