जॉर्डनला संघातून कुणीही हाकललं नव्हतं

मायकेल जॉर्डनच्या नावाचा तो मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. मजकूर थोडक्यात असा: "पंधरा वर्षांच्या जॉर्डनला शाळेच्या बास्केटबॉल संघातून हाकललं. कोच म्हणाला, तुझी लायकी नाही. पोरगा घरी येऊन रडला आणि कुणाच्याही मदतीशिवाय एकटाच सराव करत राहिला. कॉलेजांनीही दारं बंद केली. शेवटी शिक्षण सोडलं आणि जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू झाला. कोचवर नाही, स्वतःवर विश्वास ठेवा."

आजवर मी याकडे काणाडोळा केला. पण परवा माझ्या भाचीच्या शाळेत बास्केटबॉलची निवड चाचणी झाली, दहावीतल्या या पोरीला 'ब' संघात घेतलं आणि भाऊजींनी तिला हाच मेसेज पाठवून खाली लिहिलं, "असल्या सरांकडे जायचं बंद कर." तेव्हापासून ती ग्राउंडवर फिरकलेली नाही. म्हणून हे लिहितोय, आणि चिडूनच लिहितोय.

पहिलं, "हाकललं". अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विल्मिंग्टनमधलं एमस्ली ए. लेनी हायस्कूल, साल १९७८. तिकडच्या शाळांत दोन संघ असतात: मोठ्या मुलांचा मुख्य संघ आणि त्याखालचा कनिष्ठ संघ. दहावीतल्या मुलाने कनिष्ठ संघात खेळायचं, ही तिथली नेहमीची रीत. जॉर्डन दहावीत होता, उंची पाच फूट दहा इंचांच्या आसपास. त्या वर्षी मुख्य संघात दहावीतला एकच मुलगा घेतला, जॉर्डनचा मित्र लेरॉय स्मिथ. तो साडेसहा फुटांचा होता आणि संघाला उंच खेळाडूंची नड होती. स्मिथ जॉर्डनपेक्षा चांगला खेळत नव्हता, त्याच्याकडे फक्त उंची होती, हे कनिष्ठ संघाचे प्रशिक्षक फ्रेड लिंच यांनीच पुढे सांगितलं. जॉर्डनला कनिष्ठ संघात घेतलं. घेतलं, हाकललं नाही. मुख्य संघात गेला असता तर वर्षभर बाकावर बसला असता. कनिष्ठ संघात तो रोज खेळला, काही सामन्यांत तर एकट्याने चाळीसच्या घरात गुण केले. पुढच्या वर्षापर्यंत उंचीही चांगली वाढली आणि तो मुख्य संघात आला. त्यानंतर त्याला तिथून हलवायची कुणाची छाती झाली नाही.

यात अर्धं खरं आहे ते मान्य करतो. भिंतीवर लावलेल्या यादीत त्याचं नाव नव्हतं आणि तो घरी जाऊन रडला, हे त्याने स्वतःच सांगितलंय. ती सल त्याने आयुष्यभर जपली. हॉटेलात खोली घेताना तो लेरॉय स्मिथ हे नाव वापरायचा. २००९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, त्याचा समावेश होऊन सत्कार झाला, तेव्हा त्याने स्मिथला आवर्जून बोलावलं आणि ज्याने स्मिथला निवडलं त्या कोचला भर सभेत सुनावलं की तू चूक केलीस. म्हणजे ही दंतकथा वाढायला जॉर्डनचाही हातभार लागला. पण पंधरा वर्षांच्या पोराला काय वाटलं ही एक गोष्ट आणि प्रत्यक्षात काय घडलं ही दुसरी.

आता तो कोच. "तुझी लायकी नाही" हे वाक्य मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाने त्याच्या तोंडी घातलंय आणि मला सगळ्यात जास्त संताप त्याचाच येतो. त्या माणसाला नाव आहे, क्लिफ्टन हेरिंग. सगळे त्याला पॉप म्हणायचे. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या अमेरिकी क्रीडा मासिकाने जानेवारी २०१२ मध्ये त्याच्यावर मोठा लेख छापला. लेखकाने विल्मिंग्टनला जाऊन हेरिंगला शोधून काढलं आणि जुन्या लोकांशी बोलून सगळं प्रकरण मुळापासून तपासलं. ज्याला मेसेजवरच विश्वास ठेवायचाय त्याने आधी तो लेख वाचावा. त्यातून दिसणारा हेरिंग असा: सकाळी शाळा भरण्याआधी जॉर्डनच्या घरी गाडी घेऊन जायचा, पोराला उचलायचा, जिममध्ये आणायचा आणि स्वतः उभा राहून सराव करून घ्यायचा. "कुणाच्याही मदतीशिवाय एकटाच" म्हणतात तो सराव हा. नंतर हेरिंगला गंभीर मानसिक आजाराने गाठलं, नोकरी गेली, आयुष्याची फरफट झाली. आणि जगभर त्याची ओळख एकच उरली, जॉर्डनला न ओळखणारा मूर्ख कोच. सकाळी दारात गाडी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला तुम्ही खलनायक करता, आणि त्याच्या नावाने आपल्या मुलीला तिच्या सरांपासून तोडता. भाऊजी, हे सरळ सरळ नुकसान आहे. 'ब' संघात तिला सामने मिळतील, चाळीस मिनिटं कोर्टवर पळायला मिळेल. घरी बसून यातलं काहीच मिळणार नाही.

"कॉलेजांनी दारं बंद केली" हे तर उघड उघड खोटं. १९८० च्या उन्हाळ्यात पिट्सबर्गच्या फाइव्ह-स्टार या बास्केटबॉल शिबिरात जॉर्डन चमकला आणि देशभरातल्या कॉलेजांचे प्रशिक्षक त्याच्या मागे लागले. १९८१ मध्ये देशातल्या निवडक शाळकरी खेळाडूंच्या मॅकडोनाल्ड्स ऑल-अमेरिकन सामन्यात त्याने ३० गुण केले. त्याच वर्षी शिष्यवृत्ती घेऊन तो नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या हाताखाली दाखल झाला. पहिल्याच हंगामात सामन्यामागे सरासरी १३.५ गुण आणि त्यांच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे विद्यापीठांच्या गटाचा, सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू हा मान.

आणि कॉलेजातला तो प्रसिद्ध फटकाही एकट्याचा नव्हता. २९ मार्च १९८२, न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम स्टेडियम, कॉलेजांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना, समोर पॅट्रिक युइंगचं जॉर्जटाउन विद्यापीठ. अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ उरलेला आणि नॉर्थ कॅरोलायना एका गुणाने मागे. डीन स्मिथनी टाइमआउट घेतला. जॉर्जटाउनची सगळी नजर बास्केटजवळ उभ्या नॉर्थ कॅरोलायनाच्या जेम्स वर्दीवर राहणार, म्हणजे बाहेर जॉर्डन मोकळा सापडणार, हा त्यांचा हिशेब होता. तसंच झालं. संघातल्या जिमी ब्लॅकने चेंडू डाव्या बाजूला जॉर्डनकडे दिला, त्याने उडी घेतली, बास्केट. लगेच जॉर्जटाउनच्या फ्रेड ब्राउनने गोंधळून चेंडू थेट वर्दीच्याच हातात दिला आणि सामना ६३-६२ असा संपला. त्या सामन्यात वर्दीचे २८ गुण होते आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच ठरला. जॉर्डनचे १६. पहिल्या वर्षाच्या पोरावर शेवटचा फटका सोपवायची हिंमत एका कोचनेच दाखवली होती. "कोचवर विश्वास ठेवू नका" म्हणणाऱ्यांनी यावर बोलावं.

राहता राहिलं शिक्षण. तिसरं वर्ष संपल्यावर, १९८४ मध्ये, त्याने कॉलेज सोडलं हे खरं. पण तेव्हा तो देशातला सर्वोत्कृष्ट कॉलेज खेळाडू ठरला होता आणि एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगच्या निवडीत शिकागो बुल्स संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं. म्हणजे शिक्षण सुटलं म्हणून तो मोठा झाला नाही, मोठा झाल्यावर काही काळ सुटलं. पुढे त्याने राहिलेला अभ्यास पुरा केला आणि १९८६ मध्ये त्याच विद्यापीठातून भूगोलाची पदवी घेतली.