पडद्यावरचं सीपीआर

मॉनिटरवर सरळ रेषा, टूंऽऽ आवाज, डॉक्टर ओरडतो, पेशंट शॉकने बेडवर वीतभर उडतो आणि रेषा परत नाचायला लागते. हा सीन आपण इतक्यांदा पाहिलाय की हे खोटं आहे म्हटलं तर लोक माझ्याकडेच संशयाने बघतात. अहो, सरळ रेषेवर शॉक देतच नाहीत. हृदय वेडंवाकडं थरथरत असतं तेव्हा ती थरथर थांबवायला शॉक असतो, जिथे काही हालचालच नाही तिथे तो थांबवणार काय? तिथे छाती दाबत राहायचं (हेच ते सीपीआर) आणि अ‍ॅड्रिनलिन हे औषध द्यायचं, तेही शिरेतून, छातीत सुई खुपसून नाही.

असो, ते डॉक्टरांचं, ते बघून घेतील. मला राग येतो तो आपल्यासारख्यांना जे शिकवलं जातं त्याचा. हिरॉईन कोसळते, हिरो कोपरं वाकवून पाच-सहा वेळा हलकेच दाबतो, "ऊठ ना" म्हणत रडतो आणि ती खोकत डोळे उघडते. नटावर खरं सीपीआर करता येत नाही हे मान्य, चांगल्या माणसाच्या बरगड्या मोडायच्या. पण मग क्लोजअपला पुतळा घ्या की! खरं म्हणजे कोपरं ताठ, छातीच्या मधोमध, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर आत जाईल एवढा जोर, मिनिटाला १०० ते १२० वेळा. बरगडी कटकन वाजू शकते, आणि ज्याने हे फक्त पडद्यावर पाहिलंय तो तिथेच घाबरून हात काढून घेणार, जे नेमकं करायचं नसतं. दोन मिनिटांत तगडा माणूसही दमतो, हात बदलायला दुसरा लागतो. सिनेमात हिरो एकटाच पुरतो.

१९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, अमेरिकन टीव्हीवरचे सीपीआरचे सीन मोजलेले, त्यात तीनचतुर्थांश पेशंट तिथल्या तिथे वाचले होते. प्रत्यक्षात हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलं तर अमेरिकेतसुद्धा दहातला एखादाच बरा होऊन घरी जातो. म्हणून करू नका असं नाही हां, न केलं तर तो एखादाही जायचा.

आणि सगळ्यात घातक काय, तर पडद्यावर हृदय बंद पडलेला माणूस एकदम शांत पडलेला असतो. खऱ्यात सुरुवातीची काही मिनिटं तो आचके दिल्यासारखा श्वास घेऊ शकतो, घोरल्यासारखा आवाज, मध्येच मोठा गॅप. जमलेले म्हणतात श्वास चालू आहे की, आणि वाट बघत बसतात. हाका मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नॉर्मल नाही, एवढं दिसलं की बास, अ‍ॅम्ब्युलन्सला लावलेला फोन स्पीकरवर टाका आणि दाबायला लागा.

बुडण्याचं बरोब्बर उलटं. सिनेमात हात हलवत "वाचवा वाचवा". खरा बुडणारा बहुतेकदा ओरडूच शकत नाही, तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात श्वास घेणार की ओरडणार? हात बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतो, शेजारच्याला वाटतं पोहतोय. बाहेर काढल्यावर पोट दाबून तोंडातून कारंजं उडवायचं तेही नको, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची.

सापाचं विष चोखणं, घुसलेला चाकू उपसणं यावर लिहीतच नाही, दोन्ही चूक.

"सिनेमाच आहे, कोण एवढं सिरियसली घेतं" म्हणणाऱ्यांना एवढंच, ब्रिटिश हार्ट फाउंडेशनने २०१२ मध्ये विनी जोन्सला (तोच, फुटबॉलर, नंतर सिनेमात गुंड झालेला) घेऊन छोटीशी जाहिरात केली, जोरात आणि भराभर दाबा, बास. ती बघून लोकांनी माणसं वाचवल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे पडद्यावरचं लोक घेतात ना डोक्यात! डॉक्टरच्या लव्हस्टोरीला आख्खा एपिसोड देता, त्यातलं अर्धं मिनिट कोपरं सरळ ठेवायला द्या की.