उतारावर न्यूट्रल टाकायचं नाही, आणि तो सात टिप्सचा मेसेज पुढे पाठवायचा नाही

रविवारी साताऱ्याहून भाचीचा मेसेज आला, "मावशी हे खरंय का गं? बाबांनी पाठवलंय, पाठ करून ठेव म्हणाले." आणि खाली तो फॉरवर्ड, "ड्रायव्हिंग स्कूलवाले हे कधीच सांगणार नाहीत! ४० वर्षं गाडी चालवणाऱ्याच्या ७ टिप्स". हा मेसेज मला गेल्या महिन्याभरात सोसायटीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर असा तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी डिलीट करून मोकळी झाले. तेव्हाच बोलायला हवं होतं असं आता वाटतंय. कारण भाचीला पक्कं लायसन्स मिळून जेमतेम तीन आठवडे झालेत आणि येत्या शनिवारी ती पहिल्यांदा स्वतः गाडी चालवत साताऱ्याहून पुण्याला येणारे, दाजी शेजारी बसणार. त्या मेसेजमधली पहिलीच टीप नेमकी तिच्या रस्त्यावर जीव घेणारी आहे.

टीप अशी आहे, "लांब उतार लागला की गाडी न्यूट्रल करा, रस्ता मोकळा असेल तर इंजिनही बंद करा, पेट्रोल फुकटात वाचतं."

आधी पेट्रोलचंच बघू, कारण लोक त्याच्यासाठी हे करतात. आत्ताच्या गाड्यांमध्ये फ्युएल इंजेक्शन असतं, म्हणजे इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, उतारावर आहे आणि तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढलात, की गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद करतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं आणि पेट्रोल जवळजवळ शून्य जातं. न्यूट्रल टाकलं की मात्र इंजिनला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे सिग्नलला उभं राहिल्यावर जेवढं पेट्रोल जातं तेवढं जात राहतं. छोट्या कारचं ते तासाला साधारण अर्धा ते एक लिटर धरा. पाच मिनिटांच्या उतारावर न्यूट्रल टाकून तुम्ही पाच-सहा रुपयांचं पेट्रोल जास्त जाळता. वाचत काहीच नाही!

दाजींचं एक मान्य करते. कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या साध्या भागाच्या, काळात हे थोडंफार खरं होतं. दाजी ज्या गाडीवर शिकले ती तशीच होती, तिला इंजेक्टर बंद करणारा कॉम्प्युटर वगैरे काही नव्हता, त्यामुळे न्यूट्रलमध्ये थोडं पेट्रोल वाचत असेल. पण २००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे गाड्यांमधले कार्बोरेटर गेले, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम आले त्यानंतर तर नव्या दुचाकींमध्येसुद्धा बहुतेक ठिकाणी इंजेक्शनच येतं. आणि त्या काळीही घाटात न्यूट्रल टाकणं धोक्याचंच होतं, ते तेव्हाही बरोबर नव्हतं.

आता इंजिन बंद करायचं म्हणजे काय होतं ते सांगते. ब्रेकला जो बूस्टर असतो, म्हणजे आपल्या पायाचा जोर वाढवणारा भाग, तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की साठलेला व्हॅक्यूम संपतो, मग पेडल दगडासारखं कडक होतं आणि सगळं अंग टाकून दाबलं तरी गाडी हवी तशी थांबत नाही. पॉवर स्टिअरिंग जड होतं. घाबरून कुणी चावी काढली तर स्टिअरिंग लॉकच. इंजिन चालू ठेवून नुसतं न्यूट्रल टाकलं तरी इंजिन ब्रेकिंग, म्हणजे गिअरमधलं इंजिन गाडीला मागे धरतं ते, जातं, सगळा भार ब्रेकवर येतो, पाय सतत पेडलवर, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. ट्रकचं तर आणखी अवघड, त्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद, म्हणजे प्रत्येक ब्रेकला एअर कमी होत जाते आणि परत भरत नाही.

पुण्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, आपल्याकडे नवले पूल आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की थेट नवले पुलापर्यंत उतार आहे, गाडी आपोआप पळायला लागते आणि खाली गर्दी थांबलेली असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने एका झटक्यात वीसच्या वर गाड्या उडवल्या. ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं असं पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितलं होतं. म्हणजे या फॉरवर्डमध्ये जी "टीप" म्हणून लिहिलीय तीच गोष्ट! आणि माझी भाची शनिवारी त्याच उतारावरून येणारे. ज्याने हे टाइप केलं त्याने एकदा त्या पुलाखाली उभं राहून वर बघावं.

उतारावर करायचं एवढंच, गिअर खाली घ्यायचा. तिसरा, गरज पडली तर दुसरा. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुने एसटी ड्रायव्हर कुणालाही सांगतील. ही पण अनुभवाचीच टीप आहे, पण ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

दुसरी टीप, चौकात सरळ जायचं असेल तर चारही इंडिकेटर लावा. हे एवढं पसरलंय की पुण्यात प्रत्येक मोठ्या चौकात एक तरी गाडी तशी दिसते. अहो, बाजूच्या माणसाला तुमच्या गाडीची एकच बाजू दिसते, त्याला वाटतं तुम्ही वळताय, आणि तो त्या हिशोबाने गाडी घालतो. शिवाय चारही लावल्यावर तुम्हाला खरंच वळायचं असलं तर दाखवणार कसं? सरळ जाणाऱ्याने काहीही लावायचं नसतं. ते दिवे गाडी बंद पडली किंवा रस्त्यात थांबावं लागलं तर त्यासाठी आहेत. पावसात, धुक्यात, बोगद्यातसुद्धा चालत्या गाडीला ते लावू नका.

तिसरी, "रात्री अप्परच ठेवा, समोरच्याने डिप्पर मारला तरी आपण आधी डिम करायचं नाही, जो आधी डिम करतो तो दबतो." यातलं "दबतो" वाचून मला खरंच चीड आली. रस्ता रिकामा आहे, समोर कुणी नाही, तर अप्पर लावाच, ते बरोबर आहे. पण समोरून गाडी येताना अप्पर ठेवला तर त्या माणसाला तीन-चार सेकंद काही दिसत नाही. साठच्या स्पीडला गाडी तीन सेकंदात पन्नास मीटर जाते. आता सातारा, कराडकडे ऊसतोडीच्या दिवसांत रात्री रस्त्यावर काय काय असतं आठवा, दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, बैलगाड्या. ते पन्नास मीटर आंधळा झालेला माणूस त्या ट्रॉलीत घुसतो किंवा तुमच्याच अंगावर येतो. यात दबण्याचा प्रश्न येतो कुठे? पूर्वी हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग लावलेला असायचा तो कशासाठी, हे दाजींना नक्की आठवत असेल.

चौथी राँग साइडची. "यू-टर्न लांब असेल तर हेडलाइट लावून कडेकडेने या, काही होत नाही." मला झालंय. दोन वर्षांपूर्वी वारज्याजवळ सर्व्हिस रोडवर मी डाव्या बाजूने स्कूटरवर चालले होते, एक मुलगा समोरून हेडलाइट लावून, अगदी कडेकडेनेच आला. गुडघ्यात अजून प्लेट आहे. तो मुलगा वाईट नव्हता, रडत होता, त्याचंही मनगट मोडलं. कडेने येतो म्हणजे तो नेमका तिथे येतो जिथे हळू चालणाऱ्या दुचाक्या, सायकली आणि पायी माणसं असतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अपघात अहवाल आहे, कुणीही डाउनलोड करून बघावा. त्या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यातली ५.४ टक्के राँग साइडमुळे. म्हणजे नऊ हजारांच्या आसपास.  यू-टर्न चुकीच्या जागी ठेवलेत, हे मात्र मी मान्य करते, काही ठिकाणी रस्त्यापलीकडच्या दुकानात जायला दोन किलोमीटर फिरावं लागतं आणि ते चिडण्यासारखंच आहे. मग त्याच्यासाठी महापालिकेत अर्ज करा, नगरसेवकाला धरा, पण समोरून येणाऱ्या बाईच्या गुडघ्यावर ते काढू नका. २०१९ च्या दुरुस्तीपासून हे कायद्याने धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरतात.

पाचवी, झेब्रावर माणसासाठी थांबू नका, मागचा ठोकेल, हॉर्न वाजवत निघा. मागचा ठोकेल ही भीती खोटी नाही, मलाही वाटते. त्याला उपाय म्हणजे आधीपासून स्पीड कमी करत आणायचा, मागच्याला आपले ब्रेक लाइट दिसतात. हॉर्न घाटाच्या आंधळ्या वळणावर वाजवा, तिथे तो हवाच. रस्ता ओलांडणाऱ्या आजींच्या पाठीवर कशाला?

सहावी, मागच्या सीटवर बेल्टची गरज नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री कार अपघातात गेले, ते मागे बसले होते आणि बेल्ट नव्हता. यापुढे काय बोलायचं. दाजी, ताई मागे बसणारे ना, तिला बेल्ट लावायला सांगा.

सातवी, ॲम्ब्युलन्सच्या मागे लागून गर्दीतून निघा. यावर मी एकच विचारते, आत आपली ताई असती तर?

काल रात्री दाजींना फोन केला. आधी म्हणाले, "अगं चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी, मला काय झालं का कधी?" मी म्हटलं, दाजी, तुम्ही चांगलेच चालवता, पण पोरीने न्यूट्रल टाकलं आणि खाली नवले पुलाला ट्रॅफिक थांबलेलं असलं तर तुमची चाळीस वर्षं तिच्या पायात कशी येणार? ते गप्प बसले. मग म्हणाले, बोगद्यानंतर मी चालवू का? मी नको म्हटलं, तिलाच चालवू दे, तिला ते यायलाच पाहिजे. मी शुक्रवारी एसटीने साताऱ्याला जातेय, शनिवारी त्यांच्याबरोबर गाडीतून परत येईन. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर हळू, खेड शिवापूरला चहा, आणि कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच तिसरा गिअर.