ग्रेनाडाला उतराल तेव्हा जायफळ घ्या, पण हारातलं खायला काढू नका

कॅरिबियन क्रूझला निघालेल्या आपल्या लोकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मसाले काय तिथून आणायचे? ते तर आपल्याकडचेच." मला हे मुळीच पटत नाही. तुमचं जहाज ग्रेनाडाला थांबणार असेल तर टी-शर्ट आणि फ्रिजवरचे मॅग्नेट सोडा, जायफळ आणि जायपत्री घ्या. मात्र पारखून घ्या आणि घरी आल्यावर नीट सांभाळा. तिथे दोऱ्यात ओवून विकतात ते मसाल्यांचे हार भिंतीवर टांगून विसरलेले मी इतक्या घरांत पाहिलेत की आता लिहायलाच बसले.

जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं. आपल्या कोकणातही ते बाहेरूनच आलं आणि नारळी-पोफळीच्या सावलीत रुजलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पुढे 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' असे त्याचे वाणही काढले. ग्रेनाडात ते १८४३ च्या सुमाराला पोचलं असं सांगतात. मुंबईपेक्षाही लहान असलेल्या या देशाने १९७४ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर आपल्या झेंड्यावर जायफळ काढलं. गावोगावच्या शेतकऱ्यांचं घर ज्या फळावर चालायचं, तेच झेंड्यावर आलं. इंडोनेशियाच्या खालोखाल जगात सर्वाधिक जायफळ तेव्हा याच बेटावरून जायचं.

मग सप्टेंबर २००४ मध्ये 'आयव्हन' चक्रीवादळ आलं. दहातल्या नऊ घरांचं नुकसान झालं आणि जायफळाच्या बहुतेक बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, जुलैमध्ये, 'एमिली' आलं. जायफळाचं झाड काही मिरचीचं रोप नव्हे की पुढच्या हंगामात पुन्हा उभं राहील. बी लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षं जातात आणि झाड नर आहे की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही. नर निघालं तर इतक्या वर्षांची मेहनत वाया. कित्येक वयस्क शेतकऱ्यांनी पुन्हा लागवड केलीच नाही. ज्यांनी केली त्यांच्या हातचं जायफळ आज तिथल्या बाजारात येतं. "आपल्याकडे मिळतंच की" असं म्हणण्याआधी हे एवढं लक्षात घ्यावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

वेळ असेल तर राजधानी सेंट जॉर्जेसच्या बंदरापासून साधारण पाऊण तासावर, पश्चिम किनाऱ्यावर, ग्वाव्ह नावाचं कोळ्यांचं गाव आहे, तिथे जा. तिथलं जायफळ प्रक्रिया केंद्र शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं आहे. ही संस्था १९४७ साली उभी राहिली. साखर कारखाने आणि दूध संघ बघत वाढलेल्या मराठी माणसाला तिथे परकं वाटत नाही. शेतकरी माल आणतो, वजन होतं, मग लाकडी फळ्यांवर पसरलेलं जायफळ सहा ते आठ आठवडे सावलीत वाळतं. कवच फोडल्यावर बिया पाण्यात सोडतात. जड, तेलाने भरलेली बी तळाला जाते, ती उत्तम. तरंगणारी हलकी, ती तेल काढायला. त्यानंतर बायका हातानेच निवड करतात आणि गोणपाटाच्या पोत्यांवर माल कुठल्या देशाला जायचा ते नाव साच्याने रंगवतात. बीभोवतीची जायपत्री झाडावरून उतरते तेव्हा लालभडक असते, वाळत-मुरत ती केशरी-पिवळी होते. इतका दरवळ मी दुसऱ्या कुठल्याच इमारतीत अनुभवलेला नाही.

खरेदीसाठी माझी पहिली पसंती सेंट जॉर्जेसच्या मार्केट स्क्वेअरला. शनिवारी तिथे मोठा बाजार भरतो. धक्क्यालगतच्या दुकानांत सुबक टोपल्या मिळतात, पण त्यात बऱ्याचदा पुडीच्या छोट्या पिशव्या भरलेल्या असतात. पूड कधी दळली हे कळायला मार्ग नसतो, म्हणून पूड मी घेतच नाही. अख्खं घ्या, आणि जायफळ शक्यतो कवचासकट घ्या. कानाशी धरून हलवा, आत बी खुळखुळली पाहिजे. कवचाला बारीक भोक दिसलं तर कीड लागलेली आहे, बाजूला ठेवा. सोललेलं असेल तर हातात जड लागलं पाहिजे आणि नखाने टोकरल्यावर तेल सुटलं पाहिजे. लवंगेचंही तसंच. भाव सांगितला की आधी विचारा, हा ईस्ट कॅरिबियन डॉलर की अमेरिकन? एका अमेरिकन डॉलरला त्यांचे २.७० मिळतात, त्यामुळे गैरसमज महागात पडतो. आणि घासाघीस करू नका. त्या बायका बहुधा घरचंच पीक घेऊन बसलेल्या असतात.

काही गोष्टी बघून घ्या. 'सॅफ्रन' लिहिलेली पिवळी पूड हळद असते. 'बे लीफ' म्हणून मिळतं ते आपलं तमालपत्र नव्हे, वास लवंगेच्या अंगाने जातो. मटणाला छान, पण बिर्याणीत तमालपत्राच्या हिशोबाने टाकू नका. टोंका बीन नावाच्या सुरकुतलेल्या काळ्या बियांचा वास व्हॅनिला आणि बदामासारखा मोहक असतो, पण त्यात कुमरिन नावाचं रसायन असतं, आणि अमेरिकेत कुमरिन १९५४ पासून खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. हारांमध्ये किंवा बियांच्या दागिन्यांमध्ये लाल-काळ्या बिया दिसल्या तर सावध व्हा. ती बहुधा आपली गुंज असते, आणि गुंज विषारी. घरात लहान मूल असेल तर असा दागिना आणूच नये.

आता तो प्रसिद्ध हार. जायफळ, दालचिनी, लवंग, हळकुंड, सुंठ, कोकोच्या बिया दोऱ्यात ओवलेल्या असतात. दिसतो देखणा, आणि मीही घेतला आहे. पण तो फक्त वासासाठी. उघड्यावर टांगलेल्या मसाल्यावर धूळ बसते, स्वयंपाकघरातली वाफ बसते, आणि जायफळाला बुरशी फार लवकर धरते. त्या बुरशीतून अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, जे शिजवून जात नाही. "आता वास कमी झालाय, वाटून मसाल्यात घालू" हा विचार सोडून द्या. खायचा माल वेगळा विकत घ्या.

हार बाथरूममध्ये लावा, वाफेने वास सुटतो, असं विक्रेते सांगतात. सुटतो हे खरं, पण माझ्या मते ही हार लवकर खराब करण्याची वाट आहे. कोरड्या, ऊन न येणाऱ्या कोपऱ्यात लावा, भिंतीला थेट टेकवू नका, नाहीतर हळदीचे आणि लवंगतेलाचे डाग पडतात. धूळ मऊ ब्रशने झटका, पाणी लावू नका. वास मंदावला तर एखादी दालचिनी कडेला जरा मोडा, जायफळाला किसणीचा एक हात मारा, लगेच जागा होतो.

घरी आल्या आल्या हार आणि खायचा माल दोन्ही वेगवेगळ्या घट्ट पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १८ अंशाला निदान चार दिवस, मी आठवडाभर ठेवते. मसाल्यातली कीड आणि तिची अंडी त्याने मरतात, आणि घरातल्या डाळी-पिठांना धोका राहत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आतला माल खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतली ओल त्याच्यावर बसेल. मग काचेच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात. प्लास्टिक नको, लवंगेचा वास त्यात कायमचा मुरतो. कवचातलं जायफळ वर्षानुवर्षं टिकतं, लागेल तसं एकेक फोडा. कवचंही टाकू नका, तिथे ती बागेत वाटेवर पसरतात, तुम्ही कुंडीत पसरा.

आणि वापरा हो! श्रीखंडाला, पुरणाला, रात्रीच्या कॉफीला. ते लोक रम पंचवर ताजं किसून घालतात, जायफळाचं आइस्क्रीम करतात, फळाच्या सालीची जेली करतात. जायपत्रीचा एखादा तुकडा पुलावाच्या फोडणीत टाकून बघा. प्रमाण मात्र चिमटीचंच ठेवा. एक-दोन चमचे पूड पोटात गेली तर माणूस आजारी पडतो, कुत्र्यांनाही ते बाधतं.

परतताना कस्टम्सच्या वेळी मसाले आणलेत हे स्वतःहून सांगा. अमेरिकेत बहुतेक वाळलेले मसाले येऊ देतात. लिंबूवर्गीय झाडांची पानं, कढीपत्ता आणि गवती चहा आणू देत नाहीत. ताजं जायफळाचं फळ, रोप, ओली हळद किंवा आलं कितीही मोह झाला तरी घेऊ नका.