ओलं लाकूड, सालीचा काठ: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार दादा,

बोराच्या ओल्या लाकडाच्या, लेथवर (ओंडका फिरवत ठेवून कातायच्या यंत्रावर) कातलेल्या आणि काठाला साल तशीच ठेवलेल्या माझ्या वाडग्यावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. ती न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. दादांचे वडील पंचवटीत सुतारकाम करायचे आणि दादा त्यांच्याच हाताखाली तयार झाले. त्यांचं म्हणणं असं, की ओल्या लाकडाला हत्यार लावणं हीच मुळात चूक. वाडगा सुकताना वाकडा झाला की त्याला ‘नैसर्गिक’ म्हणून खपवायचं, हे त्यांना पटत नाही. काठाची साल दोन पावसाळ्यांत गळेल, तोवर तिच्यात कीड होईल. बोर म्हणजे सरपण. आणि सालीसकट ओंडका लेथवर फिरवायला नवख्यांना शिकवणं म्हणजे कुणाचा तरी डोळा घालवणं.

डोळ्याचं आधी बोलू, कारण बाकी सगळं बिघडलं तर फार तर लाकूड वाया जातं. धोका आहे, आणि तो ठाशीव शब्दांत सांगायलाच हवा. गोल वाडग्याची कड फिरताना डोळ्याला स्पष्ट दिसते. सालीच्या काठाचा वाडगा मात्र दोन बाजूंनी उंच आणि दोन बाजूंनी सखल असतो. फिरताना त्याची वरची कड धुरकट सावलीसारखी दिसते आणि बोट नेमकं तिथेच जातं. म्हणून मशीन चालू असताना काठाजवळ हात न्यायचाच नाही. काठाला पॉलिश पेपर मारायचा तो लेथ बंद करून, हातानं. ओंडक्याच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. साध्या चष्म्यावर भागवायचं नाही, पूर्ण तोंड झाकणारी ढाल हवी. हातमोजे नकोत, ओढणी नको, गळ्यात साखळी नको. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या लेथवर काम केलेल्यांना हे सांगावं लागत नाही, पण लाकूड मऊ म्हणून लोक इथे गाफील राहतात.

वेगाचा एक ढोबळ हिशेब आहे: व्यास इंचांत घ्यायचा, त्याला मिनिटातल्या फेऱ्यांनी गुणायचं आणि उत्तर ६,००० ते ९,००० च्या दरम्यान ठेवायचं. म्हणजे दहा इंचाला ६०० ते ९००. पण हा हिशेब ओंडका गोल झाल्यावरचा. सुरुवातीला तो एका बाजूला जड असतो, तेव्हा मशीनचा सगळ्यात कमी वेग धरायचा, थरथर थांबली की मगच वाढवायचा.

आणि पकड. सालीच्या बाजूने सेंटर (ओंडका धरून फिरवणारं लेथचं दातेरी टोक) लावायचं असेल तर तिथली साल पटाशीने खरवडून काढायची, सेंटरचे दात थेट लाकडात रुतले पाहिजेत. सालीवर टेकवलेलं सेंटर सुरुवातीला घट्ट वाटतं, पण पहिल्या जोरदार धक्क्याला साल चेपते आणि ओंडका सुटतो. ज्याला एवढं करायचं नसेल त्याने हा वाडगा करू नये, हे मी तुमच्याइतक्याच ठामपणे म्हणते.

आता ओलं लाकूड. तुमच्या वडिलांचा नियम त्यांच्या कामापुरता शंभर टक्के खरा आहे. दाराची चौकट चारी बाजूंनी अडकलेली असते. तिथलं लाकूड हललं की सांधा उघडतो, दार घासतं. वाडगा कशालाच जोडलेला नसतो, त्याला हलायला मोकळीक आहे. मग प्रश्न उरतो तो तडकण्याचा.

ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी आधी जातं, तेव्हा लाकूड हलकं होतं पण आकसत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंती सुकू लागतात आणि आकसणं सुरू होतं. ते सगळीकडे सारखं नसतं. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने लाकूड गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा जवळपास दुपटीने आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून गोल कातलेला ओला वाडगा लंबगोल होतो. वाडग्याच्या दोन इंच जाडीच्या भिंतीत बाहेरचा थर आकसायला बघतो, आतला ओला थर त्याला अडवतो, आणि तडा जातो. भिंत पाच-सहा मिलिमीटरची, आणि सगळीकडे सारखी पातळ ठेवली, तर दोन्ही अंगांनी पाणी बरोबरीने निघतं. पापड वाळताना काठ उचलतो पण तडकत नाही, तसंच.

यासाठी ओंडका मधोमध चिरून गाभ्याचा मधला भाग पूर्ण काढून टाकावा लागतो, कारण तडे बहुधा तिथूनच सुरू होतात. आणि आतून कोरताना काठाचा वरचा इंचभर भाग अंतिम जाडीला आणून मगच खाली उतरायचं. पुन्हा वर यायचं नाही. तासाभरात काठ थोडा हललेला असतो, आणि हललेल्या काठाला हत्यार लागलं की साल उडते. कातून झाल्यावर वाडगा त्याच्याच ओल्या भुश्यात, कागदी पिशवीत ठेवते. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर अधूनमधून वजन करायचं, वजन उतरायचं थांबलं की सुकला.

तुमच्या घरी जुनी काठवट असेल तर तंतूंच्या दिशेने आणि आडवी, अशी दोन्हीकडून मोजून पाहा. आमच्या घरातली आडवी कमी भरते. तिच्यात आजही भाकरीचं पीठ मळलं जातं, आणि तिला कुणी वाकडी म्हणत नाही. सरळ काठाचा वाडगा वाकला तर तो दोष डोळ्यांत भरतो. सालीचा काठ मुळातच वर-खाली असतो, त्यात हा लंबगोल सामावून जातो. म्हणून मी ओल्या लाकडासाठी हाच आकार निवडते. गिऱ्हाइकाला हे आधी सांगते, झाल्यावर नाही.

सालीबद्दल तुमची शंका रास्त आहे, फक्त ती प्रत्येक झाडाला लागू नाही. झाड वाढीला लागलं की साल आणि लाकूड यांच्यामधला जिवंत थर ओला, निसरडा असतो. त्या दिवसांत तोडलेल्या फांदीची साल हातानं सुटते. झाड विश्रांतीत असताना तोडलं तर ती घट्ट धरून राहते. थंड देशांतले लोक म्हणूनच हिवाळ्यात तोडा म्हणतात, आणि आपल्याकडचे कित्येक जण तेच वाक्य जसंच्या तसं गिरवतात. बोर थंडीत फळांवर असतं. त्याची विश्रांती भर उन्हाळ्यात, म्हणून तर बागायतदार बोराची छाटणी चैत्र-वैशाखात करतात. माझा ओंडका त्याच दिवसांतला, निफाडकडच्या बांधावरचा, पाइपलाइनच्या आड आलेल्या गावठी बोराचा. अडचण एकच, त्या उन्हात कापलेली तोंडं सुकून लगेच तडे धरतात. म्हणून तोडल्या तोडल्या दोन्ही तोंडांना मेण किंवा ऑइलपेंटचा जाड थर द्यायचा.

वाडगा हातात घेतलात तर काठावर चार पट्टे दिसतील: बाहेर काळपट, खोल भेगांची साल, तिच्या आत केसाएवढी फिकट रेघ, मग पिवळसर लाकूड, मग तांबूस गाभा. त्या फिकट रेघेत नख शिरलं तर साल सुटणार हे नक्की. इथे नख शिरत नाही. शेवटचा हात मी नेहमी सालीकडून लाकडाकडे फिरवते, म्हणजे सालीच्या मागे लाकडाचा आधार राहतो. पेरूला हे जमणार नाही, त्याची पातळ साल झाडावरच पापुद्र्यांनी सुटते. त्याचा काठ सालीविनाच ठेवायचा, आणि तोही देखणा दिसतो.

किडीचं म्हणाल तर साल खाणाऱ्या अळीची जाळी किंवा भुसा दिसलेला ओंडका मी लेथवर चढवतच नाही.

बोराला सरपण म्हणालात, त्याने मात्र वाईट वाटलं. शेतीची अवजारं, हत्यारांचे दांडे, कातकाम, या सगळ्यासाठी हे लाकूड पूर्वापार वापरलं गेलंय. घट्ट, जड, बारीक पोताचं. सागाइतकं सरळ नाही, मोठ्या फळ्या निघत नाहीत, पण वाडग्याला फळी लागतेच कुठे? चुलीत जाणारं लाकूड वाचतंय, एवढाच माझा उद्योग आहे. फळझाडं तोडायला मी कुणाला सांगत नाही. आंबा, जांभूळ, चिंच, फणस ही झाडं तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतच आहेत, परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. शहरात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागतो, म्हणजे महापालिकेची परवानगी हवी.

शेवटी तुम्ही विचारलंय की तेल कोणतं आणि तांबूस रंग टिकतो का. कच्चं जवसाचं तेल, पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. त्याला वेळ लागतो. दुकानातलं ‘डबल बॉइल’ जवसाचं तेल लवकर वाळतं, पण त्यात धातूंचे क्षार घातलेले असू शकतात, म्हणून खाण्याच्या भांड्याला मी ते लावत नाही. तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि अशी चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. रंग उजेडाने हळूहळू तपकिरीकडे झुकतो, थेट उन्हात ठेवलात तर लवकर.