परेडचा पास नाही मिळाला तरी रडू नका

डिसेंबर लागला की गोव्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच प्रश्न फिरायला लागतो: "२६ जानेवारीची परेड बघायला दिल्लीला जायचंय, पास कुठे मिळतो?" माझं उत्तर ठरलेलं आहे. परेड टीव्हीवरच जास्त चांगली दिसते. दिल्ली गाठायचीच असेल तर २९ तारखेच्या संध्याकाळी विजय चौकातल्या बीटिंग रिट्रीटला, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या समारोपाच्या लष्करी बँडच्या सोहळ्याला जा. गर्दीचा कंटाळा असेल तर २८ची रंगीत तालीम पकडा. बँड तेच, धुना त्याच, राष्ट्रपती तेवढे नसतात. अलीकडच्या वर्षांत तालमीचं तिकीट २० रुपये आणि २९चं १०० रुपये आहे.

घोळ होतो तो तारखांचा. तिकिटं संरक्षण मंत्रालयाच्या ‘आमंत्रण’ पोर्टलवर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात निघतात, पण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं. म्हणजे गाडी नोव्हेंबरअखेर ठरवायची आणि तिकीट नंतर मिळवायचं, हा जुगार खेळावाच लागतो. वास्कोहून गोवा एक्स्प्रेसला दोन रात्री लागतात. त्यात जानेवारीत उत्तरेकडे धुकं, म्हणून निदान एक दिवस हाताशी ठेवा. आणखी एक, बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच मूळ स्वरूपात बरोबर हवं. आधारवर तिकीट काढून गेटवर लायसन्स दाखवणारे तिथेच अडकतात.

गेटवर पिशवी, खाणं, पाण्याची बाटली, पॉवर बँक, लायटर, अत्तर, छत्री यांतलं काहीही आत नेता येत नाही, जवळ असलं तर वाद घालत बसावं लागतं. छत्री नाही म्हणजे पाऊस आला तर भिजायचं. २०२३ मध्ये बँड पावसातच वाजले. (रद्द झाल्याचीही उदाहरणं आहेत: २००१ ला गुजरातच्या भूकंपामुळे आणि २००९ ला माजी राष्ट्रपती आर. वेंकटरमण यांच्या निधनामुळे.) दिल्लीत त्या दिवशी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पणजीपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी, आणि मग थंडी एकदम उतरते. आपल्याकडचा एक स्वेटर तिथे पुरत नाही.

आता खऱ्या विषयाकडे. रिट्रीट म्हणजे इथे पळ काढणं नव्हे. सूर्यास्ताला लढाई थांबायची, बिगुल वाजला की सैनिक तळावर परतायचे, त्याची ही आठवण. सगळा सोहळा त्या बिगुलाकडे चाललेला असतो, हे माहीत असलं की मधला तास लांबलेला वाटत नाही.

बॅगपाइप (काखेतल्या पिशवीतल्या हवेवर वाजणारं वाद्य) सुरू झाले की नीट ऐका. भजनात आणि नाट्यसंगीतात मुरलेल्या गोवेकराच्या कानाला ते चटकन कळतात. खांद्यावरचे तीन भोंगे सतत षड्ज (सा) धरून असतात, तंबोऱ्यासारखे. बोटांखालच्या नळीत एकूण नऊच स्वर, निषाद (नी) कोमल, म्हणजे ढोबळमानाने खमाज रागाचं वळण. पिशवीतली हवा अखंड चालू, त्यामुळे थांबा नाही आणि लहान-मोठा आवाजही नाही. तोच स्वर दोनदा हवा असेल तर मध्ये एक कणस्वर, म्हणजे निसटता दुसरा स्वर, टोचावाच लागतो. म्हणून नऊ स्वरांत बसणारी लोकधून त्यावर खुलते आणि मींडेवर, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यावर, उभी असलेली चाल तुटक वाटते. अलीकडे सगळ्या धुना भारतीयच घेण्याचा आग्रह आहे. आग्रह चांगला, पण वाद्य बघून चाल निवडावी.

२०२२ पासून सोहळ्यातून ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती स्तोत्र वगळलं. गांधीजींच्या आवडीचं ते स्तोत्र गोव्यातल्या कित्येक घरांत पाठ आहे. वगळण्यामागची कारणं काहीही असोत, संथ लयीतली ती एक जागा रिकामी झाली, आणि तिच्या जागी आलेल्या धुना मला तितक्या शांत वाटत नाहीत.

पहिल्यांदा येणारे हमखास म्हणतात, "बँडची पावलं तालात नाहीत." पावलं तालातच असतात, तुम्ही लांब बसलेले असता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कूचची लय मिनिटाला १२० पावलं, म्हणजे दर पावलाला अर्धा सेकंद. १७० मीटरवरून बघणाऱ्याला ढोल अख्खं एक पाऊल उशिरा ऐकू येतो. बँड जवळ आला की डावा पाय आणि बास ड्रमचा ठोका एकत्र पडताना दिसतो.

ड्रम मेजरच्या, म्हणजे बँडपुढे चालून इशारे देणाऱ्याच्या, दांड्यावरही नजर ठेवा. वळायच्या वेळी पुढची रांग उलटी फिरते आणि मागच्यांच्या मधल्या फटींतून परत जाते. वाजवणं थांबत नाही, ट्यूबावाला मोठ्या भोंग्यासकट त्या फटीतून निघतो. शिगम्याच्या रोमटात, म्हणजे ढोलताशांच्या मिरवणुकीत, आपण अंगाला अंग घासून चालतो, इथे हातभर जागेचा हिशोब असतो.

शेवटी बिगुल वाजतो, ध्वज उतरतात, बँडचा प्रमुख राष्ट्रपतींपुढे येऊन बँड परत नेण्याची परवानगी मागतो आणि ‘सारे जहाँ से अच्छा’ वाजवत सगळे रायसिना टेकडीकडे चढायला लागतात. त्याच सुमारास इमारतींवर दिवे लागतात आणि हजारो मोबाइल वर जातात. दिव्यांचे फोटो दहा मिनिटांनीही मिळतील. चढावर विरत जाणारा तो आवाज तेवढाच असतो.

निघायची घाई करू नका, आधी बड्या लोकांच्या गाड्या सुटतात. केंद्रीय सचिवालय मेट्रो स्थानक बंद असेल तर पटेल चौकापर्यंत पायी वीसेक मिनिटं. कानटोपी तेव्हा घाला. ती आधी घातली तर बॅगपाइप अर्धेच ऐकू येतील.