गच्चीवरचं महाबळेश्वर

मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ वर गेला की घरोघरी महाबळेश्वरचे बेत शिजतात आणि हॉटेलचे दर ऐकून तिथेच करपतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘आपली गच्ची काय वाईट आहे?’ वाईट काहीच नाही. फक्त दिवसभर तिचा तवा झालेला असतो, आणि तव्यावर आराम करायचा तर आधी बरंच राबावं लागतं.

पहिलं काम, चुना लावणे. (घरच्यांना लावून हात बसलेला असतोच.) कळीचा चुना आदल्या रात्री लोखंडी पिंपात भिजवायचा. प्लास्टिकच्या बादलीत नको. चुन्याला उकळी फुटते आणि बादलीचा आकार बदलतो. पाण्यात चुना थोडा थोडा सोडायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उलटं केलंत तर गरम शिंतोडे थेट डोळ्यांकडे येतात, म्हणून चष्माही हवा. सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून त्यात फेविकॉल मिसळायचा, नाहीतर पांढरी पावलं उमटत उमटत सोफ्यापर्यंत जातात. एक हात उभा, दुसरा आडवा.

एवढं करूनही दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ओकत राहतो. भर दुपारी पाणी मारणारे उत्साही लोक असतात, त्यांचं पाणी मिनिटांत उडतं आणि ऊन जागेवरच असतं. सूर्य बुडू द्यावा. झोपायच्या दहा बाय दहा फुटांवर वीस लिटरची एक बादली झारीने शिंपडायची, अर्ध्या तासाने दुसरी. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी झरझर उडतं आणि उडताना स्लॅबची उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या पाहुण्याला हे पटत नाही. त्याच्याकडे घामसुद्धा वाळत नाही. मात्र चाळीस लिटर म्हटल्यावर घरात बैठक बसते, कारण नळ रोजचा नाही. कपडे खळबळल्याचं शेवटचं पाणी मंजूर होतं. साबणाचं घेऊ नये, घसरगुंडी होते.

आता झोळा, म्हणजे दोन टोकांना बांधून झोपायचा हॅमॉक. सुट्टी म्हटली की झोळा हवाच, आणि माझ्या मते गच्चीवरचे निम्मे अपघात याच हट्टापायी होतात. लोक कठड्यात हूक ठोकतात. चार इंची विटांचा कठडा आडवा ओढ सोसण्यासाठी बांधलेलाच नसतो. हूक काँक्रीटच्या कॉलममध्येच हवा. दुसरी चूक म्हणजे झोळा खाटेसारखा ताणून बांधणे. दोरी आडव्या रेषेपासून ३० अंश खाली उतरली, तर ७० किलोच्या माणसाचा प्रत्येक टोकाला सुमारे ७० किलो ताण येतो. तीच दोरी १० अंशांवर ताणली की ताण २०० किलोच्या घरात जातो. म्हणजे झोळ्यात एक जावई झोपतो आणि हुकाला तीन लटकतात. झोळ पडतो म्हणून तर त्याला झोळा म्हणायचं!

सावलीची हिरवी जाळी सात-साडेसात फुटांवर, खालून वारा खेळेल अशी. कायमची आवळू नये. वळवाचा वारा सुटला की ती सांगून जात नाही, शेजारच्या टाकीवर जाऊन बसते. ढग दिसताच सोडता येईल अशी सुरगाठ मारावी.

अंथरायला सोलापुरी चादर. एक गादीवर, एक पायथ्याशी. दुसरीला संध्याकाळी सगळे हसतात आणि पहाटे चारला तिच्यासाठीच ओढाओढ होते. उशाशी माठाचं पाणी, शेंगाचटणी, कडक भाकरी. इतक्यात शेजारच्या गच्चीवरून ‘काय बे, झोपलास का?’ असा आवाज येतो. याला उत्तर देऊ नये. दिलं की तो चादर घेऊन इकडे येतो.

हॉटेलात चेकआउट दुपारी असतो, इथे पहाटे साडेपाचला. जिन्यात पातेल्याचा आवाज येतो, पाठोपाठ सोऱ्या, प्लास्टिकचा कागद आणि शेजारच्या दोन काकू. कुरडयांचा चीक गरम आहे तोवरच घालावा लागतो, त्यामुळे तुमची झोप थांबू शकते, चीक थांबू शकत नाही. गादी गुंडाळली जाते, तुम्ही शिंपडून गार केलेल्या नेमक्या त्याच दहा बाय दहावर कागद पसरतो, आणि तुमच्या हातात काठी येते. ‘आहेसच वर, तर कावळे हाकल.’

जाळीही काढायला सांगतात. कुरडयांना ऊन हवं असतं.